ओ कुणी दिली?

१

प्रमोदिनी औसेकर लग्नाच्या पहिल्या दिवसापासून नवऱ्याला नावाने हाक मारत आली. नांदेडच्या कॉलेजात एकाच वर्गात शिकलेली माणसं ती. लग्न लागलं म्हणून एकदम 'अहो' कुठून काढायचं? सासूबाई होत्या तोवर त्यांनी यावरून पुष्कळ थयथयाट केला. "नवऱ्याचं नाव असं चव्हाट्यावर फेकतेस, काही वाटतं का गं?" म्हणायच्या. प्रमोदिनी हसून सोडून द्यायची आणि मुद्दाम स्वयंपाकघरातून ओरडायची, "रेणुकादास!" ओसरीवरून लगेच यायची, "ओ!"

मग रेणुकादासला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. जन्मभर शाळेत गणित शिकवून घसा बसवून घेतलेला माणूस साधं पाणी मागू शकेना. उरली एवढी एकच गोष्ट. हिने नावाने हाक मारली की तो ओ द्यायचा. ओढलेली, अर्धवट, ओठांच्या कोपऱ्यातून सांडणारी, पण ओ! डॉक्टर म्हणाले, सवयीने येत असेल. येऊ दे की सवयीने, डॉक्टरांचं काय गेलं? दुपारी त्याची देखभाल करणाऱ्या उमाताई फोन लावून त्याच्या कानाशी धरायच्या. प्रमोदिनी पोस्टातून म्हणायची, "रेणुकादास, जेवून घे." पलीकडून ओ आली की मगच तो घासाला तोंड उघडायचा. संध्याकाळी दारात चपला काढता काढता ती पुन्हा हाक मारायची आणि त्या ओवर तिची रात्र निघायची.

उदगीरच्या अलीकडे करडगाव आहे, तिथल्या पोस्टाची ती पोस्टमास्तर. हल्ली पोस्टात कोण जातंय, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे येऊन उभं राहून दाखवावं. म्हणजे उभं राहायला जागा मिळाली तर! मोबाइलवरून मागवलेली पार्सलं छताला लागलेली, आधार दुरुस्तीची रांग रस्त्यावर, निराधाराचा पगार न्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाहेर उन्हात. पोस्टमन मल्लिनाथ दारात उभा राहून नावांचा पुकारा करायचा, "तुळजाबाई ग्यानोबा!" आणि गर्दीतून कुणीतरी "ओ, आले रे बाबा" करत वाट काढायचं.

शेवटी वरून फर्मान आलं. दिवाळीच्या आत मोठी जागा शोधा, नाहीतर हे पोस्ट उदगीरच्या पोस्टात मिसळून टाकतो. बाईंची बदली माहूरला. माहूर म्हणजे अख्खा नांदेड जिल्हा ओलांडून पार डोंगरावर. रेणुकादासला खाटेवरून ओसरीत आणायचं तरी दोन माणसं लागत. त्याला घेऊन ती जाणार कुठे? आणि त्याला इथे ठेवून गेली, तर त्याची ओ घ्यायला घरात होतं कोण?

२

जागा शोधण्याचा ताप शोधणाऱ्यालाच ठाऊक. सरकारी भाडं ऐकलं की घरमालकांना एकाएकी आठवायचं, की पोराचं लग्न ठरलंय आणि आता खोल्या लागणार आहेत. प्रमोदिनीच्या चपला झिजल्या. मग एक दिवस मल्लिनाथनेच बातमी आणली.

"मॅडम, मोंढ्याच्या मागं भामाबाईची आडत पडून हाय. लई मोठी जागा. बाई भाड्याचं बोलतच न्हाई, कुणीतरी येऊन बसा म्हणून राहिली."

मोंढा म्हणजे धान्याचा बाजार आणि आडत म्हणजे तिथलं दलालीचं दुकान. पुढे रुंद हॉल, शहाबादी फरशी, रस्त्याकडे शटर. मागे गोदामाची एक खोली, बिनखिडकीची, लोखंडी दाराची. ओल नाही, वाळवी नाही, कोपऱ्यात उंदराची लेंडीसुद्धा नाही. प्रमोदिनीला बघताक्षणी भरून आलं. इथे काउंटर, इथे आधारचं यंत्र, या भिंतीशी म्हाताऱ्यांना बाकडी, पार्सलं सगळी मागच्या खोलीत. माहूर गेलं खड्ड्यात!

भामाबाई साठीची. कपाळावर ठसठशीत कुंकू, कमरेला किल्ल्या. मोंढ्याच्या गलक्यात हयात काढलेली बाई, पण बोलायची अगदी कुजबुजत. शटरबाहेर खुर्चीत तिचा नवरा बसलेला होता, स्वच्छ धोतर, समोर लागलेली नजर. भामाबाईला त्याच्याकडचं कुलूप हवं होतं. तिने टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे त्याने मान वळवली, उठला आणि कुलूप आणून दिलं.

मल्लिनाथ गालात हसला. "जुनं वळण हाय, मॅडम. मालकाचं नाव घेत न्हाईत त्या."

प्रमोदिनीलाही हसू आलं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बघ, शीक काहीतरी! करारासाठी तिने मालकांचं नाव विचारलं, तर भामाबाईने विजेचं बिल पुढे करून त्यावर बोट ठेवलं. तोंडाने म्हणून नाव घेतलं नाही. अगं बाई, किती हे सोवळं, प्रमोदिनीच्या मनात आलं.

"आत लई बोलू नका, बाई," भामाबाई जाताना म्हणाली. "आवाज घुमतो तिथं."

आणि हेच खरं नव्हतं. एवढ्या रिकाम्या हॉलात आवाज घुमायला हवा होता, तो घुमत नव्हता. बोललेलं तोंडाबाहेर पडलं की तिथेच संपत होतं, कुणी वरच्यावर झेलून घेतल्यासारखं. हे तिला जाणवलं. पण जागा एकदा मनात भरली की माणूस आपणच सबबी शोधतो. कोरड्या भिंती आहेत, ती स्वतःला म्हणाली, आवाज पीत असतील.

३

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ती आणि मल्लिनाथ मापं घ्यायला गेली. भामाबाईने किल्ल्या दिल्या आणि ती बाहेरच थांबली.

हॉल मोजून झाला. मग शटरपासून गोदामाच्या मागच्या भिंतीपर्यंतची लांबी घ्यायची होती. मल्लिनाथ टेपचं टोक घेऊन लोखंडी दारातून आत गेला. प्रमोदिनी तोवर मीटरच्या पेटीत डोकं घालून वीजजोडणी बघत होती. ते झालं तसं तिने शटरपाशी पडलेली टेपची चकती उचलली आणि हाक दिली.

"मल्लिनाथ! धरलं का?"

"ओ!" आतून आलं. "धरलंय."

टेप ताणली गेली. चांगली ओढ लागली हाताला.

"जरा खाली घ्या."

टेप खाली झाली.

"हां, सोडा आता." टेप सैल पडली आणि फरशीवरून सरसरत आली. तिने आकडा टिपून घेतला.

"मॅडम, च्या घ्या."

आवाज पाठीमागून आला, रस्त्यावरून. ती वळली. मल्लिनाथ शटरबाहेर उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कागदी कप.

"तुम्ही मीटर बघून राहिलात म्हणलं तवर च्या आणावा. टेप आत भिंतीपाशी ठेवून आलतो. माप राह्यलंच की, चला."

प्रमोदिनीने कप घेतलाच नाही. तिने हातातलं टेपचं टोक चाचपलं. पितळी पट्टी कोमट होती, कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखी. ती तशीच लोखंडी दारापाशी गेली आणि आत बघितलं. खोली मोकळी होती. चार भिंती, वर पत्रा, साधं पोतंसुद्धा नाही.

मल्लिनाथ नावाची माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली, ती मनाशी म्हणू लागली. भिंतीपलीकडे कुणी हमाल असेल त्या नावाचा, त्याने ओ दिली असेल. टेप कशात तरी अडकली असेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. फक्त 'खाली घ्या' म्हटल्यावर ती खाली कशी झाली, एवढं सोडून.

४

मापाचा कागद त्याच दिवशी वर गेला. ती तरी काय करणार होती? 'आतून कुणीतरी टेप धरली' असा शेरा मारायचा होता का!

सकाळी पोस्टात तिने हाक मारली, "मल्लिनाथ, टपालाची पिशवी आली का?" तो समोरच पार्सलं लावत होता. वळला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग खांद्यावर हात ठेवला तसा तो दचकला.

"काय मॅडम, हाक तरी मारायची!"

रांगेतली तुळजाबाई खो खो हसली. "आरं मल्लिनाथा, बाई कवाच्या वरडून राहिल्यात. बहिरा झालास का?" त्याने तिच्याकडेही बघितलं नाही. पण मागे कुणाचं तरी नाणं पडलं, तर त्याने लगेच वाकून उचलून दिलं.

त्याची बायको सिंधु चार दिवसांनी पदराने डोळे पुसत पोस्टात आली. "कानाचा डाक्टर म्हणतो कान चांगले हायेत. मी 'अवो' म्हणलं तर बघतेत, पोरगी 'बाबा' म्हणली तर बघतेत. सासूबाई मातर नावानं हाका मारून मारून रडून राहिल्यात, त्यांच्याकडं बघतबी न्हाईत. नाव तेवढं ऐकायला येत न्हाई, असं कुठं असतंय का मॅडम?"

प्रमोदिनी म्हणाली, थकलाय, कामाचा ताण आहे. म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मल्लिनाथ कामाच्या वाटणीचा कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे मल्लिनाथ कोण? नवीन माणूस दिला का आपल्याला?" तिने झटकन मान वर केली. तो जरा वेळाने हसला, "गंमत केली, मॅडम." पण तो हसला ते तिचा चेहरा बघून.

५

ती तडक भामाबाईकडे गेली. नवरा अंगणात खुर्चीत होता, नजर समोर. प्रमोदिनीने विजेच्या बिलावरचं नाव लक्षात ठेवलं होतं. तिने ते मोठ्याने घेतलं. म्हाताऱ्याची पापणीही हलली नाही.

"राहू द्या, बाई," भामाबाई म्हणाली.

"तुम्ही यांचं नाव का घेत नाही?"

"कोण म्हणलं घेत न्हाई? मी कधी लाजले न्हाई नाव घ्यायला. आख्ख्या मोंढ्यात मी यांना नावानं हाक मारायचे, बायका नावं ठेवायच्या मला." तिने नवऱ्याच्या धोतराचा काठ नीट केला. "एकदा आडतीत मारली. हे गेलते उदगीरला, मला ठाव नव्हतं. आतून ओ आली."

"मग?"

"मग काय? तवापासनं हाक मारली की ओ येते. ह्यांच्या तोंडातून न्हाई, तिथनं येते."

प्रमोदिनीने तिचा हात धरला. "अहो, मग जागा भाड्याने देता कशाला? माझा पोस्टमन गेला ना त्यात!"

"मी म्हणलं होतं, आत बोलू नका." भामाबाईचा आवाज आणखी खाली गेला. "रिकामी असली की ते मला हाक मारून राहतंय, बाई. ह्यांच्या आवाजात. मोंढ्यातून जाता येत न्हाई मला. आत माणसं असली, गलका असला की गप बसतंय. मी आजून ओ न्हाई दिली. पण किती दिवस दम धरू? तुम्हीच सांगा."

प्रमोदिनी उठली. घरी आली, दारातून हाक मारली, रेणुकादासने ओ दिली आणि ती उंबऱ्यातच ढसाढसा रडली.

सकाळी उदगीरच्या साहेबांचा फोन आला. जागा मंजूर. अभिनंदन, औसेकरबाई, तुमची बदली रद्द.

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण समोर माहूर उभं होतं आणि घरात खाटेवर तो. ती म्हणाली, "थँक यू, सर." फोन ठेवल्यावर विचार करून करून तिने तोड काढली. नावं घ्यायचीच नाहीत. त्या छपराखाली कुणी कुणाला नावाने हाक मारायची नाही.

६

नवं पोस्ट उघडलं ते झेंडूच्या माळा लावून, पेढे वाटून. काउंटरवर नंबरांचे बिल्ले ठेवले होते. नावाचा पुकारा बंद, नंबराचा सुरू. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. "आमाला काय नाव न्हाई का?" तुळजाबाई म्हणाली. "हाय की मावशे, पण इथं नको," मल्लिनाथ म्हणाला. का नको ते त्याला ठाऊक नव्हतं, मॅडमनी सांगितलं म्हणून. आणि खरंच सगळं सुरळीत चाललं. बाकड्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या, पंख्याचा वारा, मागच्या खोलीत लावून ठेवलेली पार्सलं. साहेब खूश. दुपार होईस्तोवर प्रमोदिनीच्या छातीवरचा धोंडा बराच हलका झाला.

तेवढ्यात फोन वाजला. उमाताईंचा.

हा फोन बाहेर रस्त्यावर जाऊनच घ्यायचा, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ती उठली. पण शटरपाशी हीऽ गर्दी. साहेबांचं भाषण चाललेलं, फोटोवाला आडवा उभा.

"मॅडम, लौकर हाक मारा!" उमाताईंचा जीव वर गेला होता. "मी म्हणलं आज नव्या पोस्टाचा दिवस, हाकेआधीच पेढा भरवावा. घास तोंडातच धरून बसलेत सर. गिळंनात बी, थुंकनात बी. डोळे पांढरे करून राहिलेत!"

"जरा सरका हो, जाऊ द्या मला!"

कुणी सरकलं नाही. फोनमधून त्याच्या घशाची घरघर ऐकू आली आणि तिचं भान सुटलं. तिने फोन तोंडाशी घट्ट धरला, वरून तळहात झाकला आणि जेवढ्या हळू म्हणता येईल तेवढ्या हळू म्हणाली, "रेणुकादास."

"ओ!"

मागच्या खोलीतून आली. ओढलेली नाही, सांडलेली नाही. खणखणीत, ओसरीवरून यायची तशी, आजारापूर्वीची. ती आता या जगात उरलेली नाही असं तिने कधीच धरून घेतलं होतं.

काउंटरवरचा मल्लिनाथ लोखंडी दाराकडे बघून एकदम खुलला. "सर आले का, मॅडम? बोलाय लागले? लई झाक!"

"मॅडम?" फोनमध्ये उमाताई विचारत होत्या. "घास थुंकला बाई त्यांनी, देवी पावली. पण तुम्ही हाक मारली का न्हाई? आज ओ दिली न्हाई त्यांनी."

७

त्या संध्याकाळी दारात चपला काढताना तिने हाक मारली. घर गप्प. पुन्हा मारली. खाटेपाशी जाऊन, त्याच्या कानाशी वाकून, गालाला गाल लावून मारली. रेणुकादास तिच्याकडे बघत होता. ओळखत होता, डोळ्यांत सगळं होतं. ओ तेवढी नव्हती. उलट त्याचे ओठ काहीतरी जुळवायला बघत होते, पुन्हा पुन्हा मिटत होते, उघडत होते. काय म्हणायचंय ते तिला कळेना. रात्रभर ती त्याचा हात धरून बसली.

सकाळी कुणी यायच्या आधी तिने आडतीचं शटर वर केलं. ती रागाने गेली होती, खोटं कशाला सांगा? भांडायलाच गेली होती. लोखंडी दार किंचित उघडं होतं.

"रेणुकादास," ती म्हणाली.

"ओ."

"परत दे," ती दारावर हात आपटत ओरडली. "त्याच्याकडे तेवढीच होती रे. तेवढीच होती! परत दे ती!"

आत पार्सलं सरकल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीत काहीतरी आलं. मनगट होतं. उजवं. लकव्याने वाळलेलं नव्हे, चांगलं भरलेलं, आणि बोटांच्या पेरांना खडूची पांढरी पूड. ती बोटं दाराच्या कडेवर अलगद टेकली. ती एक पाऊल मागे सरली.

मग तिकडून हाक आली. "प्रमोदिनी!"

भामाबाईने सांगितलेलं सगळं तिला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पण तो आवाज दाराआडून पुन्हा म्हणाला, "प्रमोदिनी, अगं, ऐकतेस ना?" घरी कशाची तरी गंमत सांगायची असली की तो असाच म्हणायचा. आजारपणात या हाकेसाठी तिने देवीला किती नवस केले होते. हात आपोआप खाली आले.

"ओ," प्रमोदिनी म्हणाली.

दिवसभर पोस्ट छान चाललं. नंबर पुकारले गेले, पार्सलं वाटली गेली. मल्लिनाथ 'मॅडम' म्हणाला की ती बघायची. काही बिघडल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. तिलाही नाही.

संध्याकाळी ती दारात चपला काढत होती. आतून उमाताई धावत आल्या, हसत होत्या, रडत होत्या, पदर खांद्यावरून ढळलेला.

"मॅडम, ऐकलं का? सर बोलले! आत्ता बोलले, तुमच्या चपला वाजल्या तसे! सकाळपासनं ओठ जुळवून राहिले होते. बघा, बघा, परत म्हणून राहिलेत!"

खाटेवर रेणुकादासचा चेहरा घामाने डबडबला होता. सगळा जीव ओठांत आणून तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

प्रमोदिनी त्याच्याकडे बघून हसली. चपला नीट भिंतीला लावून ठेवल्या.

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"असं काय करता, मॅडम? तुमचं नाव घेऊन राहिलेत की! प्रमोदिनी म्हणून राहिलेत!"

"हो का?" ती म्हणाली, आणि खाटेकडे जाता जाता थांबली. "प्रमोदिनी कोण?"